सतरा वर्षं हील्सवर उभी राहिले. आता भाचीला काय सांगू?

रावपुऱ्याची मावशी (बडोदा)

नमस्कार. प्रश्न साधा वाटेल, पण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या बहिणीच्या मुलीला पहिली नोकरी लागली. अलकापुरीत मोठं ऑफिस आहे, तिथे रिसेप्शनवर. नेमणुकीच्या पत्रासोबत पोशाखाचं एक पान आलंय. काळी पँट, पांढरा शर्ट, केस बांधलेले, आणि काळे बंद शूज, टाच किमान अडीच इंच. रविवारी ती घरी आली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या त्या काळ्या हील्स आहेत ना अजून? मला दे ना, पहिला पगार झाला की नवीन घेईन." मी कपाटावरून खोका काढला, झाकण उघडलं, आणि तो तिच्या हातात देववेना.

माझा हा शेवटचा जोड. याआधी असे दहा-बारा झिजवले असतील. बाहेरून अजून चकचकीत आहे, कारण मी रोज रात्री पुसून ठेवायचे. पण आत पाहिलं तर पाचही बोटांचे खड्डे पडलेत. चवड्याच्या जागी अस्तर फाटून खालचा पुठ्ठा दिसतो. आणि मागे, टाचेखाली, बनवणाऱ्याचं नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं आहे, ते अजून स्वच्छ वाचता येतं. टाचेचा भार त्याच्यावर कधी पडलाच नाही. डाव्या बुटाला आतल्या बाजूने फुगवटा आलाय. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर आलंय, त्याने चामडं ढकलत ढकलत स्वतःपुरती जागा करून घेतली.

२००५ मध्ये, बाविसाव्या वर्षी, मी एका दागिन्यांच्या शोरूममध्ये लागले. सकाळी दहा ते रात्री आठ. साडी आणि काळे पंप शूज. गिऱ्हाईक गादीच्या खुर्चीत बसायचं, आम्ही काउंटरमागे उभ्या. "बेन, पेलो सेट बतावो ने" म्हटलं की वाकायचं, ट्रे काढायचा, पुन्हा ताठ. आमच्या बाजूला स्टूल नव्हतं. जेवायला अर्धा तास मिळायचा तेव्हा आम्ही सगळ्याजणी आधी बूट काढायचो, मग डबा उघडायचो. धनत्रयोदशीला रात्रीचे अकरा वाजायचे.

खरं सांगायचं तर मला हील्स आवडायच्या. माझी उंची ४ फूट ११ इंच. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली, फोटोत कायम पुढे बसलेली. पहिल्या दिवशी ते बूट घालून काउंटरला उभी राहिले आणि समोरच्या माणसाकडे मान वर न करता बोलले, तो दिवस मी विसरलेले नाही. निऱ्या सरळ पडायच्या. चालताना टक्-टक् आवाज यायचा, तो आपला आहे याचा अभिमान वाटायचा. त्या पगारावर माझ्या मुलाचं शिक्षण झालं. त्या नोकरीला मी नावं ठेवत नाही.

पण पायांचं सांगते. सुरुवातीची चार-पाच वर्षं नुसती संध्याकाळी तळव्यांची आग. मग करंगळीवर कुरूप. मग अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकायला लागला. मला वाटलं वयाने होतं, पण तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. मग एक दिवस चवड्याखाली खडा टोचायला लागला. बूट काढून झटकायचा, पुन्हा घालायचा, खडा तिथेच. दोन-तीन महिने मी तो खडा शोधत होते. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये दाबलं आणि मी ओरडले. खडा नव्हताच. दोन हाडांच्या मध्ये दबून दबून तिथली नस जाड झाली होती. मॉर्टन न्यूरोमा म्हणतात त्याला.

२०२२ मध्ये काउंटर सोडलं, आता बसून हिशेबाचं काम करते. वाटलं होतं, सपाट चप्पल घातली की सुटले. झालं उलटंच. सपाट चपलेत पोटऱ्या ओढतात, सकाळी पलंगावरून उतरताना पहिली दहा पावलं भिंतीला धरून टाकते.

आमचा बडोद्याचा गरबा अनवाणी खेळतात. मातीचं मैदान, मध्ये गाणारे, भोवती माणसांची वर्तुळं. आम्ही मराठी, पण सातव्या वर्षापासून मी एक नवरात्र चुकवलं नव्हतं. गेल्या वर्षी पहिल्याच रात्री दुसऱ्या फेरीत अशी कळ गेली की तिथेच कडेला बसले. माझी भाची हात धरून ओढत होती, "चल ना मावशी." तिला वाटलं मी दमले.

आता तीच भाची बूट मागतेय. तिला काय सांगू? नोकरी नको म्हण, असं सांगायला मी कोण? घरात गरज आहे, मुलगी हुशार आहे, चार मुलाखती देऊन हे मिळालंय. आणि मला जो आनंद त्या बुटांनी दिला तो तिने घेऊ नये, असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं घातल्या, किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी सांगा. पाय देऊन हे घेण्यासारखं आहे का?

फिजिओ, कारेलीबाग

मावशी, सपाट चपलेत तुम्हाला त्रास का होतो तेच आधी सांगते, कारण पुष्कळ बायका तिथेच घाबरून पुन्हा हील्सकडे वळतात.

टाच वर उचललेली राहिली की पोटरीचा स्नायू आखडलेल्या अवस्थेत राहतो. दिवसातून दहा तास, वर्षानुवर्षं तसा राहिला की तो त्याच लांबीला आपलं मानतो. २०१० साली जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजीमध्ये यावर एक अभ्यास आला होता. किमान दोन वर्षं नेमाने पाच सेंटिमीटर किंवा जास्त टाच वापरणाऱ्या बायकांच्या पोटऱ्या तपासल्या, तेव्हा स्नायूंचे तंतू आखूड झालेले आणि पोटरीला टाचेशी जोडणारी मोठी शीर (अकिलीस टेंडन) जाड नि ताठ झालेली आढळली. म्हणजे सपाट जमिनीवर टाच टेकताना तुमची पोटरी खरोखरच अपुरी पडते. हा मनाचा खेळ नाही.

त्यामुळे अडीच इंचांवरून एकदम सपाटवर यायचं नाही. दीड, मग एक, असं काही महिन्यांत उतरायचं. रोज सकाळ-संध्याकाळ भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, अर्धा मिनिट. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा अर्धा मिनिट. प्रत्येक पायाला तीन वेळा. हिसके द्यायचे नाहीत. झोपेतून उठताना पाय खाली सोडण्याआधी पंजे आठ-दहा वेळा स्वतःकडे ओढायचे, म्हणजे ती पहिली दहा पावलं सोपी जातील.

आता चवड्याचं. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. अनवाणी उभं राहिलं की टाच आपला मोठा वाटा उचलते. टाच वर गेली की शरीर उतारावर उभं राहतं आणि भार पुढे सरकतो. त्यात बुटाचं तोंड निमुळतं असलं तर पुढे घसरलेली बोटं चिमटीत सापडतात. तुमचा अंगठा आणि तुमची नस, दोन्ही त्या चिमटीचे बळी आहेत. अंगठा वाकडा होण्याला पायाची घडणही कारण असते, ती घराण्यातून येते, म्हणून भाचीच्या आईचे आणि आजीचे पाय एकदा बघा. तिथे गाठ असेल तर या मुलीने जास्त जपावं.

गुडघाही यातून सुटत नाही. १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २० निरोगी स्त्रियांच्या चालीचं मोजमाप छापून आलं. अनवाणी चालण्याच्या तुलनेत उंच टाचेवर गुडघ्याच्या वाटीमागे आणि आतल्या बाजूला सरासरी २३ टक्के जास्त ताण पडत होता. म्हातारपणी गुडघ्याची झीज जिथे जास्त दिसते, त्याच या जागा.

एक विनंती. कुरूप ब्लेडने कापू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. आणि बोटं बधिर राहायला लागली तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

पाच वर्षं कॅबिन क्रू होते

मावशी, तो खोका देऊ नका. दुसऱ्याच्या पायाने साचा घेतलेला बूट तिसऱ्याला कधीच बसत नाही.

मंगळबाजार बूटवाले

ताई, आमचं दुकान वडिलांपासूनचं. मी स्वतः तीस वर्षं पायांसमोर बसतोय, म्हणून दोन शब्द.

टाचेची उंची सगळे मागून मोजतात, ती अर्धीच गोष्ट झाली. पुढच्या बाजूला सोल किती जाड आहे तेही बघायचं. मागे अडीच इंच आणि पुढे एक इंच असेल तर पायाला उतार दीडच इंचाचा. मागे अडीच आणि पुढे कागदासारखा सोल असेल तर सगळा उतार पायाच्या माथी. दोन्ही खोक्यांवर अडीचच लिहिलेलं असतं. भाचीच्या ऑफिसने अडीचचा हट्ट धरलाच तर निदान हा पहिला प्रकार घ्या.

दुसरं, बूट हातात घेऊन मधोमध वाकवून बघा. चांगल्या हीलमध्ये टाच आणि चवडा यांच्यामध्ये पोलादाची पट्टी असते, तिला आम्ही शँक म्हणतो. बूट बोटांपाशी वाकला पाहिजे, कमरेत वाकता कामा नये. कमरेत वाकणारी हील म्हणजे पायरीवर कधी दगा देईल सांगता येत नाही. टाच जाड आणि चौकोनी घ्या, टोकदार नको. भार पसरतो, घोटा डगमगत नाही.

तिसरं, बूट संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळी मापात बसलेला बूट चारला चावायला लागतो. आणि एक नंबर मोठा घेऊन काही फायदा नाही, पाय आणखी पुढे घसरतो. लांबी नाही, तोंड रुंद हवं. ते कसं ओळखायचं? कोऱ्या कागदावर उभं राहायचं, दुसऱ्या कुणी पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ काढायची, आणि त्या आकृतीवर बूट ठेवायचा. बुटाच्या बाहेर जेवढी रेघ दिसेल तेवढा पाय तुम्ही रोज आत कोंबणार.

बायका माझ्यासमोर घालून बघतात, चावतंय हे चेहऱ्यावर दिसतं, तरी म्हणतात, "घालून घालून सैल होईल." चामडं थोडं सैल होतं, रेक्झिन होत नाही. मी सांगतो, पण पुष्कळदा शेजारच्या दुकानात जाऊन तोच जोड घेतात. वाईट वाटतं.

निवेदिका, पुणे

मावशी, तुमचं वाचून पोटात तुटलं. तरीही थोडं वेगळं लिहिते, कारण तुम्ही खरं उत्तर मागितलंय.

मी २७ वर्षांची आहे. लग्नं, पुरस्कार सोहळे, कंपन्यांचे कार्यक्रम यांचं निवेदन करते. तीन इंची हील्स घालते आणि मला त्या मनापासून हव्या असतात. मंचावर पाऊल टाकलं की पाठ आपोआप सरळ होते, आवाज खालून येतो. माझ्यासाठी त्या पोशाखाचा भाग नाहीत, कामाच्या तयारीचा भाग आहेत. नटाला मेकअप असतो तशा. उंच टाचा मुळात इराणी घोडेस्वारांच्या, रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचांचे बूट घालून दरबारात मिरवायचा. उंच दिसावंसं वाटणं हे काही बायकांचंच वेड नाही, त्याची लाज आपण का वाटून घ्यायची?

पण मी त्या मंचाच्या पायरीपाशी घालते आणि उतरले की काढते. गाडीत सपाट चप्पल असते. आठवड्यातून दोनदा, फार तर तीन तास. तरी एकदा नाशिकला लॉनवर टाच मातीत रुतली आणि घोटा मुरगळला, तीन आठवडे घरी होते. तो धोका मी पत्करलेला आहे, कुणी माझ्यावर लादलेला नाही. तुमच्या सतरा वर्षांत तुम्हाला "आता काढते" असं म्हणायची सोय एक दिवसही नव्हती. माझा हिशेब म्हणून जमतो. तुमच्या भाचीचा रोज नऊ तासांचा जमणार नाही असं मला वाटतं, हील्स कितीही आवडत असल्या तरी.

इंदूरहून, कामगार कायद्याचं काम

भाचीच्या हातातला तो कागद हा खरा प्रश्न आहे. "किमान अडीच इंच" हे वाक्य कुणीतरी टाइप केलंय आणि बहुधा विचार न करता केलंय. असे नियम विचारल्यावर हलतात, हे जगात दिसलंय.

लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प नावाची तरुणी रिसेप्शनच्या कामावर सपाट बुटांत गेली म्हणून तिला घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. तुमच्या भाचीचंच काम, तिचाच नियम. त्याच वर्षी फिलिपिन्सच्या कामगार खात्याने हुकूम काढला की नोकरीत हील्सची सक्ती करता येणार नाही. जपानात २०१९ मध्ये युमी इशिकावा यांनी मोहीम चालवली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या मोठ्या विमान कंपनीने हवाई सुंदरींवरची टाचेची अट काढली.

आपल्याकडे लढा उभं राहण्यावरून झाला. केरळातल्या कापड दुकानांतल्या बायका बसायच्या हक्कासाठी रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये तिथे दुकान कायद्यात दुरुस्ती होऊन बसायची सोय बंधनकारक झाली, २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. मावशी, तुमच्या काउंटरमागे नसलेलं ते स्टूल, त्यासाठी हे झालं.

भाचीने भांडू नये. रुजू होण्याआधी दोन ओळींचं मेल करावं: काळे, बंद, औपचारिक, एक ते दीड इंच टाचेचे शूज चालतील का, मला दिवसभर उभं राहायचं असल्याने विचारते. "घालणार नाही" असं न लिहिता "हे चालेल का" असं लिहावं. नकार द्यायचा तर समोरच्याला कारण लिहावं लागतं, आणि ते कारण लिहिणं अवघड असतं.

रावपुऱ्याची मावशी (बडोदा)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

फिजिओताई, पोटरीचं वाचून मी रडले. तीन वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच काही कमी आहे, साधी चप्पल सहन होत नाही म्हणजे काय. दोन दिवस भिंतीजवळ उभी राहतेय. डावी टाच अजून जमिनीला पुरती टेकत नाही, पण टेकवायचा प्रयत्न करताना नेमकं कुठे ओढतं ते आता कळतं. आईचे पायही पाहिले. तिच्याही उजव्या अंगठ्याला गाठ आहे, आणि तिने जन्मात हील घातलेली नाही. बहिणीच्या पायाला अजून काही नाही.

निवेदिका ताई, तुमचं म्हणणं मला पटलं, आणि बरंही वाटलं. मला आवडायच्या हे लिहिताना मी घाबरत लिहिलं होतं. "आता काढते" म्हणायची सोय, हे शब्द मला इतकी वर्षं सापडत नव्हते.

काल संध्याकाळी भाचीला बोलावलं. बूटवाले दादांनी सांगितलं तसं कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून फरशीवर ठेवलं. ती अनवाणी उभी राहिली, मी गुडघे टेकून पेन्सिल फिरवली. किती सुंदर पाऊल आहे तिचं. पाचही बोटं मोकळी, मध्ये उजेड जाईल अशी फट. मग खोक्यातला माझा डावा बूट काढून त्या आकृतीवर ठेवला. आमचा नंबर एकच, पाच. लांबी बरोबर जुळली. पण बोटांकडे दोन्ही बाजूंनी रेघ बाहेर राहिली, करंगळीच्या बाजूला तर माझं अख्खं बोट मावेल एवढी. ती म्हणाली, "पण मावशी, माझा पाय यात गेला होता की रविवारी." मी म्हटलं, गेला, कारण तू बोटं दुमडलीस. तिने खाली वाकून स्वतः पेन्सिल घेतली आणि बुटाच्या कडेने दुसरी रेघ मारली. मग बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघत बसली. मी माझा डावा मोजा काढून पाय त्याच कागदावर ठेवला. माझा अंगठा बुटाच्या रेघेला धरून आत वळलेला आहे, जवळजवळ तंतोतंत. ती काही बोलली नाही, तिने फक्त माझ्या गाठीवर हात ठेवला.

नंतर आम्ही दोघींनी मिळून ते मेल लिहिलं, इंदूरच्या ताईंनी सांगितलं तसंच, दोन ओळींचं. उत्तर अजून आलेलं नाही. ती सोमवारी रुजू होतेय. कागदाचा फोटो तिने मोबाइलमध्ये ठेवलाय, लागलाच तर दाखवीन म्हणाली.

बूटवाले दादा, तुमच्याकडे काळे बंद शूज, तोंड रुंद, दीड इंच, जाड टाच, नंबर पाच असे आहेत का? आणि ऑफिसने नाहीच ऐकलं तर पुढे जाड सोल असलेला अडीचचा एखादा जोडही बाजूला काढून ठेवा. शनिवारी संध्याकाळी सहानंतर येतो. कागद बरोबर आणते.